उजवीकडची दोरी

पुण्याहून निघालेली गाडी सकाळी भुसावळला पोहोचली तेव्हा फलाटावर चहावाल्यांपेक्षा केळीचे वेफर्स विकणारे जास्त होते. मार्च संपत आला होता. सकाळीच फलाटावरच्या पुलाचा लोखंडी कठडा हाताला गरम लागत होता.

मला सावद्याच्या पुढच्या एका गावात जायचे होते. तिथली हर्षदा ही बावीस वर्षांची जलतरणपटू येत्या रविवारी धुळ्यात आठशे मीटर फ्रीस्टाईलच्या निवड चाचणीत उतरणार होती. चाचणीतल्या पहिल्या दोघी राज्य संघाच्या शिबिराला जाणार होत्या. त्या दोघींत आली नाही तर स्पर्धा सोडायची, असे तिने स्वतःच ठरवले होते आणि घरी सांगितलेही होते. जळगावच्या एका तलावावर महिलांच्या उन्हाळी बॅचला शिकवण्याचे काम तिच्यासाठी सोमवारपर्यंत राखून ठेवले होते. खेळाडूची कारकीर्द नेमकी कधी संपली हे बहुधा मागाहून कळते. इथे वार आधीच माहीत होता, म्हणून त्यावर लिहायला मी निघालो होतो.

स्टेशनबाहेरून काळी-पिवळी जीप मिळाली. तापीचा पूल ओलांडला की दोन्ही बाजूंना केळीच्या बागा सुरू होतात आणि उत्तरेला सातपुड्याची निळसर रेघ दिसू लागते. गावाच्या अलीकडे एक ट्रक केळी भरण्यासाठी रस्त्यात आडवा उभा होता, त्यामुळे सगळी वाहने थांबली. मी उतरलो आणि सावलीत, कापून ठेवलेल्या घडांजवळ उभा राहिलो. पाच मिनिटांनी शर्टाच्या बाहीवर ओलसर डाग दिसला. शेजारच्या प्रवाशाने तो केळीचा चीक असल्याचे सांगितले आणि हा शर्ट आता घरी झाडलोटीला ठेवा, असा सल्ला दिला. डाग तासाभरात तपकिरी झाला. पुढे तीन वेळा धुऊनही तो गेला नाही.

हर्षदाचे वडील सुधाकरनाना फाट्यावर मोटारसायकल घेऊन आले होते. केळी आणि कापूस करणारा, मोजके बोलणारा माणूस. घरी न नेता ते मला आधी शेतात घेऊन गेले. विहीर पाहायची असेल तर ऊन वर यायच्या आत पाहा, म्हणाले.

विहीर मोठी आणि गोल होती, दगडाने बांधलेली. आत उतरायला एका बाजूला पायऱ्या होत्या. तळाशी पाणी नव्हते. गाळ सुकून त्याला भेगा पडल्या होत्या आणि मध्ये एक तुटलेला पाइप पडला होता. या भागातल्या बऱ्याच विहिरी अशाच आहेत. पाणी आता कूपनलिकांतून, फार खोलवरून येते. हर्षदा सहा वर्षांची असताना या विहिरीत वरच्या सात-आठ पायऱ्या सोडल्या की पाणी लागत असे. पाठीला प्लॅस्टिकची रिकामी कॅन बांधून नानांनी तिला इथेच पाण्यात सोडले.

काठावर शेंदूर लावलेले सात लहान दगड होते. हे आसरांचे (पाण्यातल्या देवतांचे) ठाणे. गावच्या पोरांसाठी विहिरीचा एक नियम होता. देवळाला प्रदक्षिणा घालतात तसे पाण्यातही उजव्या अंगानेच फिरायचे. उलट फिरणाऱ्याला आसरा खाली ओढतात, असे मोठी माणसे सांगत.

मी विचारले, पोरांचा विश्वास होता का?

“पोरायचं काय, सांगितलं तं ऐके,” नाना म्हणाले. “खरं म्हटलं तं वरून उड्या मारता सारे. दोघं दोन दिशेले फिरले तं डोकं फुटन. मंग कोन दवाखान्यात पयन?” (मग दवाखान्यात कोण पळणार?)

म्हणजे नियम वाहतुकीचा होता आणि अंमलबजावणी आसरांकडे होती. पाच-सहा वर्षे रोज, सुट्टीत दिवसातून दोनदा, हर्षदा या विहिरीत उजवीकडे वळत पोहली. गोल फिरताना बाहेरचा, म्हणजे डावा हात जास्त जोर लावतो. आणि श्वासासाठी तोंड उजवीकडे, आतल्या बाजूला वळते, कारण बाकीची पोरे तिथे दिसतात. तिच्या पुढच्या सगळ्या कारकिर्दीत या दोन गोष्टी तिच्याबरोबर राहिल्या.

जेवायला घरी गेलो. कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली), वांग्याचे भरीत, कांद्याची पात आणि शेंगदाण्याचा ठेचा होता. हर्षदा आठवडाभर जळगावला मावशीकडे राहून सराव करत होती, त्यामुळे घरी नव्हती. तिच्या आईने वाढता वाढता एकच प्रश्न विचारला. धुळ्याच्या तलावाचे पाणी फार थंड असते का? मला माहीत नव्हते. गार पाण्यात तिचा खांदा आखडतो, त्या म्हणाल्या, आणि आणखी एक भाकरी ताटात टाकली. भिंतीवर पदके नव्हती. ती एका पत्र्याच्या डब्यात होती आणि डबा कपाटावर होता. काढून दाखवू का, असे नानांनी विचारले. आईने जेवताना धूळ नको म्हणून थांबवले.

शुक्रवारी दुपारी जळगावला पोहोचलो. तलाव शहराच्या एका टोकाला होता. तिथे महाजन सर भेटले. हर्षदाला शाळेत असल्यापासून तेच शिकवतात. साठीचे, उंच, आणि सतत कोणाची तरी थट्टा करणारे गृहस्थ. तलावाच्या कडेला प्लॅस्टिकची खुर्ची टाकून त्यांनी मला तिच्या पहिल्या स्पर्धेची हकिकत सांगितली.

ती शालेय स्पर्धा होती आणि त्या वर्षी तलावात दोऱ्या लावलेल्या नव्हत्या. प्रत्येकाने तळावरची काळी रेघ पाहून पोहायचे होते. हर्षदाने दुसऱ्या लेनमधून सुरुवात केली आणि चौथ्या लेनमध्ये शेवट केला. सगळ्यांच्या आधी ती भिंतीला पोहोचली होती. वाटेत दोन मुलींच्या अंगावरून गेल्यामुळे ती बाद झाली. रडत बाहेर आली आणि तिने सरांना विचारले की बाकीच्या मुली मध्ये का आल्या.

“आपल्याकडची पोरं मी पाहिल्याबरोबर ओळखतो,” सर म्हणाले. “तापीत शिकलेलं पोरगं तिरपं जातं. त्याला वाटतं धार अजून ओढतेच आहे. विहिरीतलं गोल जातं. सरळ जाणारं एकच असतं, ज्याला पोहता येत नाही. ते सरळ खाली जातं.”

पुढची हकिकत त्यांनी थट्टा न करता सांगितली. तलावात दोऱ्या आल्या तेव्हा हर्षदा बाद होणे थांबले, पण उजव्या दोरीला हात घासणे थांबले नाही. तरीही ती जिल्ह्यात पहिली येत राहिली. पंधराव्या वर्षी तिला पुण्याच्या एका क्रीडा वसतिगृहात प्रवेश मिळाला. तिथल्या प्रशिक्षकांनी तिची पोहण्याची पद्धत मुळापासून बदलायला घेतली. दोन्ही बाजूंना श्वास, दोन्ही हातांचा सारखा जोर. ती सरळ जाऊ लागली आणि हळू झाली. बदल अंगात मुरायला दोन वर्षे गेली. त्यानंतर राज्य स्पर्धेत आठशे मीटरला तिला कांस्य मिळाले. त्याच हंगामात डावा खांदा दुखू लागला. लहानपणापासून त्या खांद्यावर जास्तीचे काम होते, असे डॉक्टरांचे मत पडले. वर्षभर विश्रांती, मग परत जळगाव, मग पुन्हा सराव. तीन वर्षांत तिची वेळ सुधारलेली नव्हती.

त्या संध्याकाळी ती पाण्यात होती. लांब, कमी फेसाचे हात. डावीकडे श्वास, उजवीकडे श्वास. दोरीपासून ती दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर होती. बाहेर आल्यावर खांद्यावर टॉवेल टाकून खुर्चीजवळ उभी राहिली. मी विचारले, रविवारी काय होईल?

“सरळ गेले तर होईल,” ती म्हणाली.

“आणि नाही गेलीस तर?”

“तर सरांना सांगायला आणखी एक गोष्ट होईल.”

सर हसले. ती हसली नाही. कपडे बदलायला निघून गेली. एकदा नाही झाले तर पुन्हा पाहू, असे आपण तिला सुचवून पाहिले होते, असे सर नंतर म्हणाले. तिने ऐकले नाही. दरवर्षी पुन्हा पाहू म्हणत तीन वर्षे गेली, हे तिचे उत्तर होते.

शनिवारी मी एस.टी.ने धुळ्याला गेलो. खिडकीची जागा मिळाली आणि ती उन्हाच्या बाजूची निघाली. पारोळ्याजवळ टायर पंक्चर झाले. प्रवासी खाली उतरून कडुलिंबाच्या सावलीत उभे राहिले. वाहकाने जॅक शोधेपर्यंत एका बाईने पिशवीतून बिबडे (ज्वारीचे पापड) काढून आसपासच्या सगळ्यांना वाटले. धुळ्यात आग्रा रोडवर एका लॉजमध्ये उतरलो.

रविवारी सकाळी रिक्षा केली. चालक पन्नाशीचा होता. तलावाचे नाव काढताच त्याने मान हलवली.

“पवानी स्पर्धा शे ना? सकाळपासून बठ्ठा तठेच जाई ऱ्हायनात.” (पोहण्याची स्पर्धा आहे ना? सकाळपासून सगळे तिकडेच जात आहेत.) मग आरशात पाहून त्याने विचारले, “तुमनी पोर शे का?”

माझी नाही, असे सांगितले. मग एवढ्या लांबून कशाला आलात, असे त्याने विचारले. ती जिंकते की नाही ते पाहायला आलो, म्हणालो. हे उत्तर त्याला पुरेसे वाटले नसावे.

तलाव पन्नास मीटरचा होता. पत्र्याच्या शेडखाली पालक बसले होते, हातात टॉवेल आणि पाण्याच्या बाटल्या. नाना एकटेच आले होते. आईने यायचे नाकारले होते. गर्दीच्या एका टोकाला ते उभे होते आणि बसायला जागा असूनही बसले नाहीत. पाणी गार होते. मी हात घालून पाहिला.

आठशे मीटर म्हणजे या तलावात सोळा फेऱ्या. सहा मुली होत्या. हर्षदा तिसऱ्या लेनमध्ये, तिच्या डावीकडे नाशिकहून आलेली एक सोळा वर्षांची मुलगी. पाचव्या लेनमधली मुलगी सुरुवातीलाच पुढे गेली आणि शेवटपर्यंत पुढेच राहिली. पहिल्या क्रमांकाचा प्रश्न तिथेच मिटला. उरलेली जागा एक होती.

पहिल्या दहा फेऱ्या हर्षदा सराव केल्याप्रमाणे पोहली. नाशिकच्या मुलीच्या ती अर्धे अंग पुढे होती. प्रत्येक वळणाला कोलांटी घेऊन भिंतीवरून निघाली की ती बरोबर काळ्या रेघेवर असे. सर कडेने तिच्याबरोबर चालत होते. बाराव्या फेरीत नाशिकची मुलगी बरोबरीला आली. चौदाव्या फेरीत ती हातभर पुढे गेली. हर्षदाचा डावा हात पाण्यातून उशिरा वर येतो आहे, हे शेडमधूनही दिसत होते.

शेवटच्या वळणानंतर तिने डावीकडे श्वास घेणे थांबवले. पुढे ती फक्त उजवीकडे तोंड वळवत होती आणि डाव्या हाताने जोर लावत होती. सर जागच्या जागी उभे राहिले. नाना पहिल्यांदाच पुढे आले. हा विहिरीतला हात होता. त्या हाताने तिचा वेग एकदम वाढला. वीस मीटरमध्ये तिने नाशिकच्या मुलीला गाठले, आणखी दहा मीटरमध्ये थोडी मागे टाकले. याच वेळी ती उजवीकडे सरकत होती. काळी रेघ तिच्या डाव्या बाजूला राहिली. भिंत सात-आठ मीटरवर असताना तिचा उजवा हात दोरीवर आपटला, बोटे दोरीवरच्या प्लॅस्टिकच्या चकत्यांत अडकली. तिने हात सोडवला आणि पुढचा हात मारला. मध्ये एक हात वाया गेला.

नाशिकची मुलगी आधी पोहोचली. हर्षदा तिसरी आली. फरक इतका थोडा होता की निकाल जाहीर होईपर्यंत शेडमधल्या लोकांत दोन मते होती. पाण्यातल्या दोघींत मात्र एकच मत होते. हर्षदाने मधल्या दोरीवरून हात लांब करून त्या मुलीचा हात हातात घेतला, मग कडेला येऊन चष्मा काढला. खांदा धरून ती थोडा वेळ पाण्यातच उभी राहिली.

अर्ध्या तासाने निवड समितीतले एक गृहस्थ आले. तिसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूचे नाव राखीव म्हणून ठेवता येते, असे त्यांनी सांगितले. पहिल्या दोघींपैकी कोणी आजारी पडली किंवा जखमी झाली तर शिबिराला बोलावणे येईल. तोवर घरी सराव चालू ठेवायचा. ते सौजन्याने बोलत होते आणि त्यांना लगेच उत्तर हवे होते. सोमवार दुसऱ्या दिवशीच होता. जळगावचा तलाव त्यापुढे थांबणार नव्हता, हे आम्हा सगळ्यांना माहीत होते.

सर तिच्याकडे पाहत होते. नानांनी घसा साफ केला.

“राखीव बी चाल्ते,” ते म्हणाले. “नाव तं राह्यते.”

“नाना, राखीव म्हणजे काय? त्या दोघींपैकी कोणाचा तरी खांदा दुखावा म्हणून मी घरी बसून वाट पाहायची. मला माहीत आहे खांदा दुखतो म्हणजे काय होतं.” तिचा आवाज चढलेला नव्हता. मग ती त्या गृहस्थांकडे वळली. “चौथी जी आली तिला विचारा. ती लहान आहे.”

गृहस्थांनी सरांकडे पाहिले. सरांनी मान डोलावली. ते गेले. नाना खाली वाकले, तिची बॅग उचलली आणि पट्टा खांद्यावर घेतला.

“उद्या किती वाजता जानं हाय?” त्यांनी विचारले.

“सातला.”

“मंग आज जळगावलेच सोडतो तुले.”

परतीला मी त्यांच्याबरोबर सरांच्या गाडीत होतो. रस्त्यात एका ढाब्यावर शेवभाजी आणि भाकरी घेतली. तर्री इतकी तिखट होती की सगळ्यांना डोळे पुसावे लागले, आणि त्याचे कारण तर्री आहे असे सगळ्यांनी मानून घेतले. मग सरांना राहवले नाही.

“ती दोरी तिथं नव्हती गं,” ते म्हणाले. “तू येतेय म्हटल्यावर मुद्दाम आली.”

“तुम्ही सांगा पुढच्या पाहुण्याला,” हर्षदा म्हणाली, आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसली. नंतर तिने सरांना सांगितले की शेवटच्या वळणाला तिने विचार करूनच विहिरीतला हात मारायला घेतला होता. सरळ गेले असते तरी तिसरीच आले असते. विहिरीसारखे गेले तर दुसरी येण्याची शक्यता होती. सरांनी थोडा विचार केला आणि हिशेब बरोबर असल्याचे मान्य केले.

स्पर्धेची बातमी लिहिताना पहिला क्रमांक पहिल्या वाक्यात येतो, दुसरा दुसऱ्या वाक्यात, आणि जागा उरली तर तिसरा. इतकी वर्षे मी त्याच क्रमाने लिहीत आलो आणि त्यात चूक काही नाही. वाचकाला निकाल हवा असतो. पण एखादी कारकीर्द कशी झाली हे त्या क्रमावरून कळत नाही. हर्षदाच्या बाबतीत ते कळायला मला आधी एक कोरडी विहीर पाहावी लागली.

माझी पुण्याची गाडी सोमवारी दुपारची होती. सकाळी वेळ होता म्हणून जळगावच्या तलावावर गेलो. महिलांची बॅच सुरू झाली होती. उथळ बाजूला दहा-बारा जणी एका रांगेत कडेचा आडवा लोखंडी नळ धरून पाय मारत होत्या. हर्षदा पाण्यात, त्यांच्या समोर उभी होती. डावा हात ती अंगाजवळ ठेवत होती.

रांगेच्या शेवटी एक बाई होत्या, पंचावन्नच्या पुढच्या, नवी कोरी निळी टोपी घातलेल्या. पाय त्या जोरात मारत होत्या, पण नळ सोडत नव्हत्या. हर्षदा त्यांच्याजवळ गेली आणि हात पुढे केले.

“काकू, सोडा आता. मी धरते.”

काकूंनी नळ आणखी घट्ट धरला. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिले.

“तू नवीनच ना गं? काल तुझी स्पर्धा होती म्हणे धुळ्याला. कितवी आलीस?”

“तिसरी.”

काकूंनी शेजारणीकडे पाहिले, मग पुन्हा तिच्याकडे.

“म्हणजे येतं तुला चांगलं,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी नळ सोडला.